हेवीभाऊ

बोरगाव मेघेत ट्रक चालवणारे पुष्कळ आहेत आणि ट्रकला कधी हात न लावलेले त्याहून पुष्कळ. हेवीभाऊ या दोन्ही रांगांच्या बाहेर उभे असतात. अवजड वाहन चालवण्याचा सरकारी परवाना त्यांच्या खिशात आहे. ऐन तरुणपणी काढलेल्या या परवान्याची मुदत त्यांनी एकदाही टळू दिली नाही आणि त्याच्या जोरावर एक किलोमीटरही गाडी चालवली नाही. दारात स्कूटी आहे. ती वहिनी चालवतात.

सिंदी, सावंगी, पिपरी, बोरगाव ही 'मेघे' मंडळी वर्धा शहराला इतकी चिकटून बसली आहेत, की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे लागलं हे ग्रामपंचायतीची घरपट्टी हातात पडल्यावरच कळतं. अशा वस्तीत माणूस आडनावावरून कमी आणि तो काय करतो यावरून जास्त ओळखला जातो. कोणी सावंगीच्या दवाखान्यात आहे, कोणी भूगावच्या स्टील कारखान्यात, कोणी रोज बुटीबोरीला जाऊन-येऊन असतो. भाऊंच्या बाबतीत मात्र ते काय करतात यापेक्षा त्यांना काय करता येईल, यावरून नाव पडलं. अंगाने म्हणाल तर काडीपैलवान. वाऱ्यावादळाच्या दिवशी वहिनी त्यांना गच्चीवर वाळवणं आणायला पाठवत नाहीत. पण पाहुण्यांशी ओळख करून देताना कोणीही सहज म्हणतं, "हे आमचे भाऊ. हेवी आहेत." पाहुणा वरपासून खालपर्यंत बघतो आणि गप्प बसतो.

भाऊ बी.ए. झाले त्या काळी आमच्याकडे बी.ए. झालेल्या पोरासमोर तीन वाटा असत. डी.एड., पोलीस भरती आणि एसटी. डी.एड.ला टक्के कमी पडले, पोलिसांत छाती कमी पडली, राहिली एसटी. एसटीच्या चालकाला अवजड वाहनाचं लायसन लागतं, शिवाय प्रवासी वाहनाचा बिल्ला लागतो. वडील म्हणाले, काढून ठेव, कागद काही खायला मागत नाही. आमच्या भागातली निम्मी हेवी लायसनं अशीच निघालेली आहेत, असं माझं मत आहे. गाडीसाठी कोणी काढत नाही, भरतीसाठी काढतात. जाहिरात निघेल त्या दिवशी आपण तयार असलो पाहिजे, एवढीच त्यामागची तळमळ.

लायसन कसं काढलं ही भाऊंची कथा बोरगावच्या कुठल्याही टपरीवर, तर्रीपोह्याची प्लेट संपायच्या आत सुरू होते आणि दुसरी प्लेट मागवल्याशिवाय संपत नाही. समोर पोरगं नवीन असलं तर आधी उलटतपासणी.

"वय किती बे तुझं?"

"एकोणीस."

"मंग घरी जा. वीस लागते. हलक्या गाडीले अठरा, ट्रान्सपोर्टले वीस. १९८८ चा कायदा हाये, मी नाही बनवला."

"भाऊ, दोन महिन्यांनी वीस होते."

"होऊ दे. हलक्याचं लायसन हाये काय? किती दिवस झाले?"

"सात महिने."

"वर्ष होऊ दे. वर्षभर हलकी चालव, मंग जड. सरकारले घाई नाही, तुले कायची घाई हाये?"

इथे पोरगं निम्मं खचतं. मग भाऊ त्याला धीर देतात, कारण पुढची कथा ऐकायला कोणीतरी पाहिजे असतं. पुढची कथा म्हणजे डॉक्टर. मालवाहू किंवा प्रवासी गाडीचं लायसन हवं असेल तर वैद्यकीय दाखला लागतो, फॉर्म वन-ए. त्यात डॉक्टरने लिहून द्यायचं असतं, की उमेदवाराला मिरगी नाही, चक्कर येत नाही, लाल आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येतो, रातांधळेपणा नाही. भाऊ या सगळ्यातून सुखरूप पार पडले. शेवटी एक प्रश्न आला. दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थांचं अतिरेकी व्यसन दिसतं काय? जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे दारूचं उत्तर सरकारनेच देऊन ठेवलेलं. राहिला तंबाखू. त्या क्षणी भाऊंच्या गालात नुकताच घोटलेला खर्रा होता. तोंड उघडलं असतं तर डॉक्टरांचं टेबल खराब झालं असतं. म्हणून भाऊंनी नुसती मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे भाऊंनाही आज सांगता येत नाही. डॉक्टरांनी नकार धरला आणि शिक्का मारला.

कच्चं लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठी निदान तीस दिवस थांबावं लागतं. हे तीस दिवस शिकण्यात घालवायचे. अवजड वाहनाला मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला लागतो, म्हणजे फॉर्म पाच. काकाच्या ट्रकवर शेतात शिकलो, हे कार्यालयात चालत नाही. नियमात शिक्षण तीस दिवसांचं आहे आणि त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंगवरचे पंधरा तास धरलेले आहेत. भाऊ ज्या शाळेत गेले तिथे हे पंधरा तास केबिनमध्ये बसलेल्या सगळ्या पोरांचे मिळून आहेत, असा समज होता. केबिनमध्ये सहा जण. एक चालवायचा, पाच जण त्याच्या चुका मोजायचे. भाऊ मोजण्यात पहिले.

शिकवायला एक म्हातारे उस्ताद होते. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टमध्ये उभं आयुष्य काढलेले. गाडी सहा चाकी आणि उस्तादांच्याच वयाची. तिचा गिअर असा सरळ पडत नसे. क्लच दाबायचा, गिअर मधे आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग टाकायचा. उस्तादांचं एकच सांगणं, "हात नाही, कान लाव. इंजीन सांगते कवा टाकाचा ते." भाऊंनी कान इतका लावला, की डोळे रस्त्यावरून उठले आणि गाडी पऱ्हाटीच्या धुऱ्याला लागली. नुकसान काही झालं नाही. धुऱ्यावरच्या बोरीच्या काट्यांनी बाहेर काढलेल्या कोपराला ओरखडे पडले. ती खूण भाऊ अजून दाखवतात आणि तिला अपघात म्हणतात.

शिकवणीच्या गाडीला दोन्ही बाजूंनी क्लच-ब्रेक असावे लागतात. शिकणाऱ्याच्या पायाखाली एक जोडी, शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरी. ही सोय रस्त्यावरच्या लोकांसाठी आहे, पण भाऊंच्या आयुष्यात तिने कायमचा घोळ घालून ठेवला. महिनाभर गाडी वेळेवर थांबत गेली. कोणाच्या पायाने थांबली हे उस्तादांनी कधी सांगितलं नाही आणि भाऊंनी कधी विचारलं नाही. परीक्षेच्या दिवशी साहेबांनी गाडी पुढे घ्यायला लावली, वळवायला लावली, मागे घ्यायला लावली आणि "थांबवा" म्हणाले. गाडी थांबली. त्या दिवशीही तीच गाडी होती आणि बाजूच्या पायांच्या जागी कोणीतरी बसलेलं होतं. भाऊ पास झाले. त्या पायांबद्दल मी एकदा विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "पास कोन झालं? लायसनवर फोटू कोनाचा हाये?" बिनतोड मुद्दा होता.

उस्तादांची एक शिकवण मात्र भाऊंच्या हाडात मुरली. मोठ्या गाडीचा ब्रेक हवेवर चालतो. चावी फिरवली की लगेच निघायचं नसतं. टाकीत हवा भरून काटा वर येईस्तोवर इंजीन चालू ठेवून बसून राहायचं. भाऊ आजही कुठे निघायचं झालं की आधी ओसरीवर खुर्ची टाकून बसतात. लग्नाचा मुहूर्त टळत असो, दवाखान्याची वेळ होत असो. वहिनी स्कूटी काढून फाटकात उभ्या असतात आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात विचारतात, "भरली काय हवा?"

लायसन आलं त्या दिवशी भाऊंच्या घरून आळीभर गोरसपाक वाटला गेला. वर्ध्यात आनंद झाला की गोरसपाक वाटायचा, याला कोणाचा इलाज नाही. वडील म्हणाले, पोरगा एसटीत लागल्यातच जमा. मग वाट बघण्याची वर्षं आली. जाहिरात निघाली तीत अवजड वाहन चालवण्याचा अनुभव मागितलेला होता. लायसन होतं, बिल्ला होता, पदवी होती, अनुभव नव्हता. भाऊ एका ट्रकमालकाकडे गेले. त्याने लायसन हातात घेतलं, उजेडात धरून पाहिलं आणि परत दिलं.

"अनुभव हाये काय?"

"अनुभवासाठीच तर आलो."

"मंग दोन वर्षं क्लीनर म्हनून चाल. उस्ताद सोडन तवा स्टेअरिंग धरजो."

क्लीनर म्हणजे पहाटे उठून काच पुसणारा, टायरवर टॉमी आपटून हवा ओळखणारा, ताडपत्री ओढून रस्सी आवळणारा, घाटात दगड घेऊन चाकामागे धावणारा आणि गाडी मागे घेताना पाठीमागे उभं राहून ओरडणारा. जेवण मिळतं ते उस्तादाच्या मागून. भाऊ म्हणाले, बी.ए. झालो, हेवी लायसन खिशात आहे आणि मी दगड घेऊन धावू? ते परत आले. इथे भाऊ चुकले, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. आजही रस्त्यावरचे बहुतेक चांगले ड्रायव्हर त्या क्लीनरच्या फळीवरूनच वर चढलेले असतात. सरकार पंधरा तासांत लायसन देतं, ट्रकमालक पंधरा तासांवर पंधरा लाखांचा माल सोडत नाही. त्यात ट्रकमालकाचं काय चुकलं?

पुढे भाऊ एका कृषी केंद्रात कामाला लागले. बियाणं, खत, औषधं, उधारीची वही. आणि बघा नशीब कसं असतं. तिथे युरियाचे ट्रक येतात. गोडाऊनची गल्ली अरुंद, गाडी उलटीच आत घ्यावी लागते. ट्रक दिसला की भाऊ वही टाकून धावतात आणि गाडीच्या मागे उभे राहून, एक हात हवेत, दुसरा हात फाळक्यावर थापटत, टिपेच्या आवाजात सुरू होतात, "येऊ द्या... येऊ द्या... कंडक्टर साइड काटा... येऊ द्या... बस्स!" म्हणजे जे काम दोन वर्षं पगारावर करायला त्यांना लाज वाटली, ते आता पंधरा वर्षं फुकट चाललं आहे. एका हरयाणाच्या ड्रायव्हरने कौतुकाने विचारलं, "भाईसाब, आप भी चलाते हो?" भाऊंनी उत्तरादाखल लायसन काढून दाखवलं. ड्रायव्हरने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, आदराने परत दिलं आणि गाडी आपल्या मनाप्रमाणे लावली.

लायसनचं नूतनीकरण हा भाऊंच्या घरचा सण असतो. पूर्वी ट्रान्सपोर्टचं लायसन तीन वर्षांनी नवं करावं लागे. २०१९ च्या दुरुस्तीने ती मुदत पाच वर्षांची झाली. सगळे ड्रायव्हर खूश झाले, भाऊ हिरमुसले. सण लांबला. त्याच वर्षी त्यांना दुसरा धक्का बसला. ट्रान्सपोर्टच्या लायसनला आठवी पासची अट होती, ती केंद्राने काढून टाकली. ज्यांना गाडी येते पण शाळा झाली नाही अशांच्या पोटावर पाय नको, हा त्यामागचा विचार, आणि तो योग्यच होता. पण भाऊंनी अर्जाला आठवीच्या दाखल्यासोबत बी.ए.ची गुणपत्रिकाही जोडली होती. कोणी मागितली नव्हती तरी. ते म्हणाले, "आता शिक्षणाची काय किंमत राह्यली?"

तिसरा घाव सर्वोच्च न्यायालयाने घातला. साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही, असं न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं होतं. विमा कंपन्यांना ते पटलं नाही. अपघात झाला की 'ड्रायव्हरचं लायसन योग्य नव्हतं' म्हणून भरपाईतून अंग काढायची त्यांची वाट त्याने बंद होत होती. प्रकरण पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेलं आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी तोच निकाल कायम झाला. छोटा हत्ती चालवणाऱ्या पोरांनी टपरीवर चहा पाजला. भाऊंनी तो घेतला नाही. "लाइटवाल्यांचे दिवस आले," एवढंच म्हणून ते उठले. मात्र दुसऱ्या दिवशी त्यांनीच सगळ्यांना समजावून सांगितलं, की साडेसात हजारांच्या वर अजूनही वेगळं लायसन लागतं, आणि बारा हजार किलोंच्या वरचं वाहन म्हणजे खरं अवजड. तिथे कोणी हात लावू शकत नाही. "बारा हजाराच्या वर आपलं राज्य हाये," हे शब्द त्यांचे.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, तेव्हा भाऊंचं राज्य सगळ्यांनी पाहिलं. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेचं कलम होतं, त्याविरुद्धचा हा संप. थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर कायदा मारतो, असं ड्रायव्हरांचं म्हणणं होतं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि सरकारला सांगावं लागलं की संघटनेशी बोलल्याशिवाय ते कलम लागू करणार नाही. भाऊंनी सकाळीच ओसरीवर उभं राहून जाहीर केलं, "आज मी गाडी काढनार नाही." आळीतला एकही माणूस हसला नाही, हे मी आमच्या आळीच्या सभ्यतेचं प्रमाण मानतो. वहिनी तेवढ्या म्हणाल्या, "बरं झालं, स्कूटीत पेट्रोलच नाही."

ता. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आमच्या जिल्ह्यातून येळाकेळीजवळ त्यावर चढायची सोय झाली. भाऊ तातडीने रस्ता बघायला निघाले. हवा भरली, वहिनींनी स्कूटी काढली. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० आणि मालवाहू गाड्यांना ८० ची मर्यादा आहे, आणि दुचाकीला तर प्रवेशच नाही. जिल्ह्यातल्या सर्वांत जड गाडीचं लायसन बाळगणारा माणूस फाटकावरून परत पाठवला गेला. दोघं मग जवळच्या पुलावर जाऊन उभे राहिले. खालून कंटेनर, ट्रेलर, टँकर जात होते. भाऊ प्रत्येकाची चूक सांगत होते. हा लेन सोडून चालतो, याचं टायर घासलं, त्याने इंडिकेटर दिला नाही. वहिनींनी डबा आणला होता. दोघांनी तिथेच खाल्लं. वहिनी म्हणतात, लग्नानंतर फिरायला गेलो म्हणावं असं ते एकच ठिकाण.

वहिनींविषयी एवढं सांगितलं पाहिजे की स्कूटी त्या उत्तम चालवतात. मागे बसलेले भाऊ सीटवर थाप मारून "जाऊ दे, जाऊ दे, साइड हाये" म्हणत असतात, तिकडे त्यांचं अजिबात लक्ष नसतं. दसऱ्याला लोक गाड्यांची पूजा करतात. भाऊंच्या घरी स्कूटीला झेंडूचा हार वहिनींच्या नावाने पडतो आणि भाऊंचं लायसन पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू, एक झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. बिल्ला चिंचेने घासून लखलखीत केलेला असतो.

आता नवीन चर्चा सुरू आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. वर्ध्याच्या मे महिन्यात इंजिनाच्या शेजारी बसून लोखंडी केबिनमध्ये दिवस काढणं काय असतं, हे ज्यांनी काढला त्यांनाच माहीत. हा नियम वीस वर्षं आधी यायला हवा होता, असं मला वाटतं. भाऊंनाही तसंच वाटतं, फक्त कारण वेगळं. कूलरसमोर बसून ते म्हणाले, "तवाच एसी असता, तर आपुन आज कुठच्या कुठं असतो."

त्यांना हसणं सोपं आहे. पण भाऊंनी ज्या पोरांना टपरीवर उलटतपासणी घेऊन घरी पाठवलं, त्यांतली काही वय भरल्यावर परत आली. भाऊंनी त्यांचे अर्ज भरून दिले, सिग्नलच्या खुणा पाठ करून घेतल्या, दाखल्यांच्या झेरॉक्स स्वतःच्या पैशाने काढल्या, आणि मालकाने क्लीनर म्हणून चाल म्हटलं तर गुमान चाल, असं प्रत्येकाला बजावलं. त्यांतला एक आज चौदा चाकी घेऊन थेट मुंबईच्या बंदरापर्यंत जातो. दिवाळीत आला की पाया पडतो आणि भाऊ त्याच्या ट्रकभोवती फिरून टायरवर टॉमी आपटून बघतात.

तेव्हा तुमच्या घरी वीस वर्षांचं पोरगं असेल आणि त्याला हेवी लायसन काढायचं असेल, तर एजंटाच्या नादी लागू नका. दुपारच्या आत कृषी केंद्रात हेवीभाऊंना गाठा. कागद ते चोख सांगतात आणि फी घेत नाहीत. सोबत ट्रक मात्र नेऊ नका, आणि नेलाच तर चावी आपल्याच खिशात ठेवा.